आईच्या बुबुळाची जाडी

देवगडहून आईला काचबिंदूच्या तपासणीला नेलं. बधिर करणारा थेंब घालून पेनासारखं यंत्र बुबुळावर टेकवलं, जाडीचा आकडा आला ५०८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मागच्या कागदावर ५१२.

"पडदो पातळ होत चाललो काय गो?" आई घाबरली.

इतका फरक मोजणीतही पडतो, आई. निरोगी डोळ्यातही वयानुसार होणारा बदल अगदी थोडा असतो. काचबिंदूचे काही थेंब, विशेषतः प्रोस्टाग्लँडिनचे, कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा, किंचित पातळ करू शकतात. पण म्हणून ते मनाने बंद करायचे नाहीत.

मला काळजी वेगळीच. डोळ्यातला दाब मोजणारं गोल्डमनचं यंत्र साधारण ५२० मायक्रॉन जाडी धरून बेतलेलं. कॉर्निया पातळ असला की दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. "दाब चौदा, छान" ऐकून मी उठत नाही. डोळ्याची नस आणि दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजरेचा आवाका, तपासायला लावतेच.