चारातल्या तिघी आणि सहाशेची रेघ

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावकडच्या एका गावात देशी दारूचं दुकान बंद करावं म्हणून बायकांनी अर्ज दिला. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या पडताळून झाल्या आणि महिला मतदारांचं गुप्त मतदान लागलं. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, त्यामुळे केंद्राध्यक्षाची ड्युटी आलीच. गाव ओळखू येऊ नये म्हणून खालचे आकडे गोल केलेत, प्रमाण मात्र खरं आहे.

मतपत्रिकेवर दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मोजणी शाळेतच झाली. आडवी, आडवी, उभी, आडवी... बाहेर बायका खिडकीच्या गजांना धरून ऐकत होत्या. ७३० मतं पडली होती. आडवी ५५०, उभी १५०, बाद ३०. एकीनं दोन्ही बाटल्यांवर शिक्का मारला होता. माझ्या शेजारचा कर्मचारी म्हणाला, हिला दोन्ही फोडायच्या असतील. नियमानं ते मत बाद.

बाहेर गुलालाची पुडी फुटली होती. तेवढ्यात नायब तहसीलदारांनी निकाल वाचला: ठराव नामंजूर, दुकान चालू राहील.

कारण २००८ च्या आदेशात अट आहे ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतांची, पडलेल्या मतांची नाही. यादीत नावं १२००. म्हणजे ६०१ हवी होती, ५१ कमी पडली.

"चारात तिघी आमच्याकून, अन् आमीच हारलो? हे काहून जी गुरुजी?" एका म्हातारीनं मला विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण ते तिच्या तोंडावर सांगवेना. तिकडं दुकानाच्या माणसानं फटाके लावले आणि एका वार्ताहराचा फोन आला, "म्हणजे गावाचा कौल दारूलाच ना सर?"

त्याला मी फोनवर जे सांगितलं ते त्यानं छापलं नाही, म्हणून इथं लिहितो. दुकानाच्या बाजूनं स्वतः येऊन शिक्का मारणाऱ्या बायका १५०. यादीच्या आठव्या हिश्शाएवढ्या. त्याला गावाचा कौल म्हणणं ही थट्टा आहे. 'ठराव नामंजूर' याचा अर्थ एवढाच, की दुकान बंद करायला लागणारी रेघ ओलांडली गेली नाही. दुकान राहावं का, हा प्रश्न वेगळा. गावाचं मत काय, हा वेगळा. मतदानानं पहिल्याचं उत्तर दिलं.

पण बायकांच्या पुढारी ताई ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून "तीन चतुर्थांश गाव आपल्यासंगं" असं सांगायला लागल्या, तेही मला पटेना. तीन चतुर्थांश आल्या त्यांच्यातल्या. ज्यांच्या घरात दारूनं आग लावलीय त्या उन्हातान्हात रांग लावणारच. न आलेल्या ४७० जणी त्यांच्यासारखाच विचार करतात, हे कशावरून?

त्या ४७० कोण, हे शोधायला मी नोंदवही उघडली. दोन खोल्यांत दोन केंद्रं होती. गावठाणाच्या केंद्रावर ७०० पैकी ५१० आल्या. दुसऱ्या केंद्राला कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, आणि तांडा जोडलेला. तिथं ५०० पैकी २२०, निम्म्याही नाहीत. सरासरी काढली तर गाव साठ टक्के आलं असं दिसतं, पण साठ टक्के आलेलं गाव तिथं कुठंच नव्हतं.

काही कारणं उघड होती. कापसाचा वेचा भरात होता आणि वेचाईचे पैसे किलोवर मिळतात, बाई मताला आली की तेवढी रोजी बुडाली. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली होत्या, मेलेल्या म्हाताऱ्या होत्या. पण पोडातल्या काही बायका मोजणी ऐकायला आवाराच्या भिंतीशी उभ्या होत्या. मत द्यायला याच का नाही आल्या, म्हणून मी विचारलं. त्यांच्यातली एक म्हणाली,

"दुकान बंद झालं तं दारू कुठं येईन जी? आमच्याच पोडात. मंग पोलीस कोनाच्या घरात घुसन?"

तिचं भय हवेतलं नव्हतं. वर्धा नदीच्या पलीकडं चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात इकडून तिकडं चोरून जाणारा माल या भागानं पाहिलाय. ही बाई दारूच्या बाजूची नव्हती, दुकानाच्या तर नव्हतीच. मतपत्रिकेवर तिच्यासाठी चित्र नव्हतं, म्हणून ती आली नाही. नियमानं मात्र तिची गैरहजेरी उभ्या बाटलीच्याच पदरात पडली. अट कडक ठेवण्यामागं कारण असेल, पन्नास जणींनी येऊन बाराशेंचा निर्णय करू नये हे मला मान्य आहे. पण मग यादी तरी खरी हवी.

हे मी ताईंना समजावत होतो तेव्हा ती मघाची म्हातारी मधेच बोलली, "माही जाऊ मरून तीन वर्सं झाले. तिचं नाव हाय का यादीत?"

होतं.

"म्हंजे तिनं बी दुकानच ठेवलं!"

बायका हसल्या, ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि नावं कमी करायला कोणता फॉर्म लागतो ते विचारलं. नमुना ७, मी म्हणालो, आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. मग त्यांनी पोडातल्या बायकांकडं पाहून विचारलं, "तुमच्याकडं कधी येऊ? वेचा संपल्यावर?"

"राती या," पोडातली ती बाई म्हणाली. "दिवसा कोन भेटते."