माणगावचे यशवंत घाडगे स्मारक

श्रीवर्धनहून मुंबईला निघालेली आमच्याकडची माणसे माणगावला चहापुरती थांबतात आणि महामार्गावरच्या कोंडीला नावे ठेवत पुढे जातात. तेथे तहसील कार्यालयासमोर व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. या खेपेस मी तो पाहण्यासाठी मुद्दाम उतरलो. सातबारा आणि दाखल्यांसाठी आलेल्यांची नेहमीची वर्दळ चालू होती.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीप्रमुख असलेला तो सोडून बाकी सारे ठार अथवा जखमी झाले. तो एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्बने त्याने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला टॉमीगनने टिपले आणि मॅगझिन बदलायला सवड नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात तो धारातीर्थी पडला. वय अवघे २२.

त्याची समाधी कोठेही नाही. ज्यांच्या दफनाची जागा ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहेत. त्यांत एक त्याचे आहे. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. २०२३ मध्ये इटलीतल्याच मोंतोने गावात त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडले आहे. परक्या भूमीत पडलेल्या शिपायासाठी तिथल्याच लोकांनी हे करावे, याचे मला मनापासून अप्रूप वाटले.

पुतळ्याने शौर्याला मान मिळतो, पण पळसगावचे पोर टायबरपर्यंत कसे पोहोचले, हे सांगणे पुतळ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी माणगावात संग्रहालयाची एखादी खोली हवी: भिंतीवर त्या मोहिमेचा नकाशा, गौरवपत्राचा मराठी मजकूर आणि तालुक्यातून लढाईवर गेलेल्या, पदक न मिळालेल्या शिपायांचीही गाववार नावे.