लोणचें खंय आसा?

आमच्या घरात बोलणं कोंकणीतून, वाचणं मराठीतून, आणि नातीसाठी सून मागवते ती पुस्तकं इंग्रजी. गोव्यात, आमच्या फोंड्यात, अशी घरं पुष्कळ. रात्रीची जेवणं आटोपली की चार वर्षांची बाय पुस्तक घेऊन माझ्या मांडीत येते. मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते, तोंडाने मराठी बोलते आणि तिचे प्रश्न येतात कोंकणीत.

सगळ्यात जास्त झिजलंय ते एरिक कार्लचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक. १९६९ सालचं. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. आणि खाल्लेल्या प्रत्येक फळाला कागदात खरोखरचं भोक. अशी भोकं पाडून पुस्तक छापणं अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घेतली होती. बायला त्याचं काय! ती करंगळी आत घालते आणि सुरवंटाला पलीकडच्या पानावर ढकलते.

बुधवारी तीन प्लम. पहिल्या रात्री मला शब्द आठवेना. चित्रातला रंग जांभळा, म्हणून बेधडक 'तीन जांभळं' म्हटलं आणि पान उलटलं. चाललं की! पुढे मे महिन्यात बाजारातून खरी जांभळं आणली, तर ती हातात घेऊन बाय हिरमुसली. "इतलीं ल्हान?"

शनिवारचं पान मात्र मला अजून घाम फोडतं. त्या दिवशी सुरवंट केक, आइस्क्रीम, चीज, सलामी, कलिंगड असं काय काय हादडतो (रात्री त्याचं पोट दुखतं, आणि रविवारी एक हिरवं पान खाऊन तो बरा होतो). त्यातच एक पिकल. मी आपली 'लोणचं' म्हणून पुढे सरकले. बायने पान धरून ठेवलं. "लोणचें खंय आसा?" चित्रात बघते तर एक हिरवीगार काकडी. आमच्याकडे लोणचं म्हणजे बरणीत तेलाखाली बुडालेली लाल फोड. काकडीला लोणचं म्हटलेलं ती कशी ऐकून घेणार? शेवटी चेपणीच्या तोरांवर, म्हणजे खारवलेल्या कैऱ्यांवर, सुटका झाली. तोरं मिठाच्या पाण्यात घालतो ना, तशी काकडी घातलेली. तेव्हापासून ते 'चेपणीची काकडी' असंच वाचावं लागतं. एकदा झोपेच्या भरात नुसतं 'काकडी' म्हटलं, तर मला मागे नेऊन पुन्हा सोमवारपासून वाचायला लावलं.

एका ठिकाणी मात्र मराठीने मला तारलं. या पुस्तकावर इंग्रजी वाचणाऱ्यांची जुनी तक्रार आहे, की फुलपाखराच्या कोशाला एक शब्द आणि पतंगाच्या रेशमी कोशाला दुसरा, आणि कार्लने फुलपाखरासाठी पतंगाचा वापरला. आपल्याकडे दोन्ही कोशच. भांडणच मिटलं.

मॉरिस सेंडॅकच्या १९६३ च्या पुस्तकात, तो मॅक्स रागावून राक्षसांच्या बेटावर जातो त्यात, चित्रं पानागणिक मोठी होत जातात आणि मधे तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. नुसता धुमाकूळ. मी आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं. रिकामी जागा दिसली की प्रश्न विचारायची खोड. "इथे काय दिसतंय? हा कोण?" बाय कंटाळून उठली. शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, नुकताच होऊन गेला होता. तिने स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणला आणि "घणचे कटर घण" सुरू. आता त्या तीन पानांना मी फक्त शिगम्यातली आरोळी देते, "ओस्सय!" राक्षसही तेच म्हणत असतील असं चित्रं बघून वाटतं.

निजायच्या वेळचं पुस्तक मार्गारेट वाइज ब्राउनचं, १९४७ सालचं, चित्रं क्लेमंट हर्डची. खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घ्यायचा, बस्स. रंगीत पानांवर एक उंदीर जागा बदलत फिरतो, आणि घड्याळ सातवरून आठ वाजून दहा मिनिटांवर येतं. हे घड्याळ मला कितीतरी दिवसांनी दिसलं, उंदीर बायला पहिल्याच रात्री. 'शुभ रात्री, चांदोबा' म्हणून पाहिलं, तर आकाशवाणीचं केंद्र बंद होतंय असं वाटलं. मग 'नीज' वर आले. चांदोबा, नीज. खुर्च्यांनो, नीजा. जीभ आपोआप मंदावते.

कारण पुस्तक चांगलं की वाईट हे मी आता तोंडाने ठरवते. चाळिसाव्या रात्री वाचताना जीभ अडखळली, तर चित्रं कितीही देखणी असोत. पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतून (१८३२ पासूनची आहे ती, आता इमारत नवी) माधुरी पुरंदरेंचं 'बाबांच्या मिश्या' आणलं, तेव्हा केवढा निवांतपणा! भाषांतर नाही की काही नाही, त्यातली अनू बोलते तसं वाचत सुटायचं. आणि शेवटी तात्पर्य सांगणारी पुस्तकं मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलीत. सुनेला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात परसातल्या कढीपत्त्यावर हिरवा सुरवंट निघाला. मुलगा फोडणीसाठी डहाळी तोडायला गेला होता. बायने त्याचा हात धरला. "आज शेनवार. आज ताचें पोट दुखतलें. फाल्यां ताका पान जाय." उद्या त्याला पान हवं!

त्या दिवशी वरणाला फोडणी कढीपत्त्याशिवायच बसली.