गोडोल्लोचा राजवाडा आणि तीन आंताल

बुडापेस्टच्या ओर्श वेझेर चौकातून एच-८ ही उपनगरी गाडी थेट गोडोल्लोला जाते. बहुतेक पर्यटक तिथल्या राजवाड्यात जातात ते ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्यासाठी, म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या 'सिसी'साठी. १८६७ मध्ये हंगेरीचे राजा-राणी म्हणून झालेल्या राज्याभिषेकानिमित्त हा राजवाडा तिला आणि तिचा नवरा सम्राट फ्रान्झ जोसेफ याला भेट मिळाला. तिच्या जांभळ्या दालनांत गर्दी हटत नाही. मला मात्र ज्यांनी तो बांधला त्या ग्राशाल्कोविच घराण्याचीच ओढ होती.

पहिला आंताल १६९४ मध्ये आजच्या स्लोव्हाकियातल्या एका गरीब, नावापुरत्या सरदार घरात जन्मला. वकील झाला. हंगेरीतून तुर्क गेल्यानंतर कुठली जमीन कुणाची, याचे दावे तपासणाऱ्या आयोगात त्याने काम केलं. जमिनीचे कागद वाचता येणारा माणूस त्या काळात किती वर जाऊ शकत होता, याचं हा राजवाडा म्हणजे जिवंत उदाहरण! पुढे तो हंगेरीच्या खजिन्याचा प्रमुख झाला आणि १७४३ मध्ये काउंट, म्हणजे बडा सरदार. १७५१ मध्ये तर खुद्द हंगेरीची राणी मारिया तेरेसा त्याच्याकडे पाहुणी म्हणून आली. जिना चढताना या माणसाच्या जिद्दीपुढे मान आपोआप झुकते.

मुलगा, दुसरा आंताल, १७८४ मध्ये प्रिन्स झाला, म्हणजे काउंटच्याही वरचा सरदार. राजवाड्यातलं सुरेख बरोक शैलीतलं नाट्यगृह त्याचंच. पण त्याचं मन व्हिएन्नात रमलं आणि कर्जं वाढत गेली. नातवाने, म्हणजे तिसऱ्या आंतालने, उरलंसुरलं उधळलं असं म्हणतात. १८४१ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि घराण्याची पुरुष शाखा संपली. काउंटपद मिळाल्याला शंभर वर्षंही झाली नव्हती.

राजवाड्याचे हाल त्यानंतरही चुकले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सोव्हिएत सैनिकांची छावणी आणि वृद्धाश्रम होता. संग्रहालय १९९६ मध्ये खुलं झालं.

जवळच्या मारियाबेश्न्योच्या चर्चमध्ये पहिल्या आंतालची समाधी आहे. तिथेही अवश्य जा.

नातवाला सगळे उधळ्या म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. पेस्टमध्ये, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या पूर्व भागात, हंगेरियन भाषेतल्या नाटकांसाठी कायमचं थिएटर बांधायला जागा दिली ती यानेच. १८३७ मध्ये ते सुरू झालं आणि तीनच वर्षांत राष्ट्रीय नाट्यगृह ठरलं. परतताना मेट्रोने अस्तोरियाला उतरलात, तर ती जागा समोरच दिसेल. तिथे आता ऑफिसांची इमारत आहे.