नाव नसलेलं नेटबुक

शनिवार, रात्री उशिरा

भाच्याचं जुनं नेटबुक शेवटी माझ्याकडे आलं. दहा इंची, कीबोर्ड सुटा होणारं, २०१५च्या आसपास ऑनलाइन सेलमध्ये धडाधड खपायची त्या जातीचं. "मावशी, त्यात काही राम उरला नाही, भंगारवाल्याला देऊन टाक," म्हणाला. मशीन खरं तर ठणठणीत आहे. धाप लागलीय ती विंडोजला, म्हणून ते काढून लिनक्स टाकायचं ठरवलं. ३२ जीबीची ईएमएमसी (साठवणीची चिप) बोर्डालाच सोल्डर केलेली, त्यामुळे अपडेट उतरवायला जागा नाही आणि अपडेट नाही म्हणून रोज तक्रार. रॅम २ जीबी, तीही वाढवता येत नाही.

लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला, तर बूट मेनूत तो दिसेचना. दुसरा लावला, तोही नाही. एरर नाही, बीप नाही, काही नाही. कारण वाचल्यावर हसावं की रडावं कळेना. आतला अ‍ॅटम झेड३७३५एफ हा ६४ बिटांचा प्रोसेसर, पण त्याच्यावर बसवलेलं यूईएफआय (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम) ३२ बिटांचं. ते पेन ड्राइव्हवर 'बूटआयए३२' नावाची फाइल शोधतं. बहुतेक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांच्या) इमेजमध्ये असते ती 'बूटएक्स६४'. हवी ती फाइल नाही मिळाली की पेन ड्राइव्ह लावलेलाच नाही असं समजून ते पुढे जातं. जुन्या बायोस पद्धतीने बूट करायची पळवाटही ठेवलेली नाही. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, ही विजोड जोडी २०१४च्या ३.१५ आवृत्तीपासून चालते, म्हणजे अडतं ते फक्त उंबरठ्यावर. डेबियन १२ या डिस्ट्रोच्या इमेजमध्ये दोन्ही फायली असतात, म्हणून तेच घेतलं.

आणि मग इन्स्टॉलर उघडला तो चक्क आडवा! पॅनेल टॅब्लेटचं, मूळचं ८०० बाय १२८० असं उभं. कंपनीने ते कुशीवर वळवून लॅपटॉपच्या चौकटीत बसवलंय. विंडोजला ते सांगितलेलं असतं, बाकी कोणाला नाही. मी मान खांद्याला टेकवून डिस्कची विभाजनं वाचत होते. आई पाणी प्यायला उठली होती, ती दारातूनच म्हणाली, "अगं, मान धरेल अशाने. ते डबडंच उभं कर की." कीबोर्डासकट केलं उभं. मग अक्षरं सरळ, पण टाइप करायचा हात आडवा.

भाषांच्या यादीत मराठीही होती. निवडावीशी फार वाटली, पण निवडली इंग्रजीच. एरर मराठीत आली तर ती शोधायची कुठे?

डिस्क पुसायच्या आधी विंडोजमधलं ड्रायव्हरचं अख्खं फोल्डर मेमरी कार्डावर काढून ठेवलंय. असल्या मशिनींच्या टचस्क्रीनचं फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) पुष्कळदा त्या ड्रायव्हरच्या पोटातच असतं आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचं निराळं असतं.

रविवार

इन्स्टॉलरला वायफाय दिसलंच नव्हतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर काम उरकलं. असल्या वेळी एवढा भरवशाचा दुसरा उपाय मला माहीत नाही, पन्नास रुपयांची केबल हवी फक्त.

नवं डेबियन उघडल्यावर मी सवयीने एलएसपीसीआय ही पीसीआयवरच्या भागांची यादी देणारी कमांड चालवली. वायफायचा पत्ता नाही. यूएसबीवाल्यांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबीतही नाही. चिप रिअलटेकची आरटीएल८७२३बीएस, आणि ती जोडलेली एसडीआयओवर, म्हणजे मेमरी कार्ड ज्या प्रकारच्या बसवर बसतं त्यावर. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'न्यू एसडीआयओ कार्ड' अशी ओळ सापडली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिचा ड्रायव्हर २०१७मध्ये ४.१२ कर्नलच्या 'स्टेजिंग' भागात (अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरांच्या जागेत) आला. तो तिथे आणला तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीत असलेल्या हान्स द खुडे या डच प्रोग्रॅमरने. बे ट्रेल (ह्याच पिढीचे इंटेल प्रोसेसर) असलेल्या स्वस्त मशिनींसाठी ह्या माणसाने जेवढं निस्तरलंय तेवढं ती विकणाऱ्यांनीही निस्तरलं नसेल. फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रीबूट केलं, घरचं नेटवर्क यादीत हजर.

आजची खरी गंमत मात्र वेगळीच. स्क्रीन सरळ करायचा तर कर्नलमध्ये एक तक्ता आहे, अमुक कंपनीचं तमुक मॉडेल असेल तर पॅनेल इतकं फिरव, असं सांगणारा. आपलं मशीन त्यात आहे का बघावं म्हणून मी डीएमआयमधली, म्हणजे मशीनमध्येच लिहून ठेवलेल्या ओळखपत्रातली, माहिती काढली. उत्पादक: 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' मॉडेल: 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' अनुक्रमांक: तेच. म्हणजे 'उत्पादकाने भरायचं', आणि ज्याने भरायचं त्याने भरलंच नाही. फॉर्मवर नावाची रेघ कोरी ठेवून खाली शिक्का मारून द्यावा, तसं मशीन कारखान्यातून बाहेर पडलं! मग कर्नलवाले काय करतात? असल्या बेवारशांना ते बायोसच्या तारखेवरून ओळखतात. त्या तक्त्यात खरोखर तशा नोंदी आहेत: उत्पादक कोरा, मॉडेल कोरं, पण बायोस अमक्या दिवशीचं असेल तर हेच ते.

लिनक्स चालत नाही की आपण लिनक्सला बोल लावतो. पण साध्या पीसीत पीसीआय आणि यूएसबीवरचा प्रत्येक भाग स्वतः ओळख सांगतो, आणि इथे निम्मे भाग मुके. त्यांची ओळख उत्पादकाने एसीपीआयच्या (मशीनमधल्या भागांचं वर्णन करणाऱ्या) तक्त्यांत लिहून द्यायची असते. स्वतःचं नाव लिहायचा ज्यांना कंटाळा, ते स्पीकर कुठल्या तारेला आहे हे काय लिहिणार? बघणारा म्हणणार, 'हार्डवेअरला सपोर्ट नाही.' मला तर हा निव्वळ आळस वाटतो, आणि तो दहा हजारांच्या किमतीत धरलेला आहे.

माझी बायोसची तारीख तक्त्यात नाही. बूट करणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या ओळीत 'एफबीकॉन' (नुसत्या मजकुराचा स्क्रीन) फिरवायचा पर्याय घातला, डेस्कटॉप एक्सरँडआर या कमांडने फिरवला. ग्रबचा मेनू अजून आडवाच येतो. येऊ दे.

बुधवार

आवाज आला. सेटिंगमध्ये नुसतंच 'डमी आउटपुट' दिसत होतं. साउंड कार्ड म्हणून वेगळं काही नाहीच. प्रोसेसरमधला डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा भाग) आणि बाहेर आरटी५६४० कोडेक (आकड्यांतून आवाजाचा सिग्नल करणारी चिप) अशी जोडी आहे. डीएसपीचं फर्मवेअर डेबियनमध्ये इंटेल साउंडच्या वेगळ्या पॅकेजात मिळतं. ते टाकल्यावर स्पीकरमधून एकदम 'फट्' असा आवाज आला आणि आईने आकाशवाणी लावून बघायला सांगितलं. एकाच बाजूने वाजतं. स्पीकर मुळात एकच आहे की दुसरा मुका आहे, हे उघडून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

जिथे वाचावं तिथे एक मंत्र दिलेला असतो: 'मॅक्स सीस्टेट'ला (प्रोसेसरने किती गाढ झोपायचं त्या मर्यादेला) १ करा, नाहीतर मशीन गोठेल. कर्नलच्या बगझिलात, म्हणजे दोषांच्या तक्रारवहीत, १०९०५१ क्रमांकाखाली ही तक्रार २०१५पासून आहे, आणि खाली लोकांची वर्षानुवर्षांची कण्हणी. पण तो पर्याय घातला की प्रोसेसर गाढ झोपतच नाही आणि बॅटरी भराभर उतरते. मधल्या काळात बरंच दुरुस्त झालंय, म्हणून मी न घालताच चालवतेय. अजून गोठलेलं नाही.

झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून बसवणारी सोय) लावलंय, डेस्कटॉप हलका, एलएक्सक्यूटी. फायरफॉक्समध्ये तीन-चार टॅबपर्यंत सुखाने चालतं. मराठी टायपिंग आयबस या प्रोग्रॅमवर बसलं. कमांड टाइप करायच्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, पण ते महागड्या लॅपटॉपवरही फुटतात.

टचस्क्रीन पुढच्या रविवारी. काढून ठेवलेल्या फोल्डरमध्ये फर्मवेअर दिसतंय, पण ते ड्रायव्हरमधून वेगळं काढून त्याला अक्षांची (स्क्रीनची कुठली बाजू आडवी, कुठली उभी याची) माहिती द्यावी लागेल.

कॅमेऱ्याचा नाद मी सोडला. 'अ‍ॅटमआयएसपी' हा त्याचा ड्रायव्हर २०१७मध्ये स्टेजिंगमध्ये आला, २०१८मध्ये काढून टाकला, २०२०मध्ये परत घेतला. कर्नलवाल्यांचंच त्याच्याशी असं, तर मी कशाला मध्ये पडू? भाच्याशी बोलायला फोन आहे.