कॉन्फोकलच्या स्लॉटसाठी एकोणीस दिवस: माझा अनुभव

पेशी वाढवणं, फिक्स करणं (रसायनाने आहे त्या आकारात टिकवणं), रंगवणं हे माझं आठवड्यात उरकलं होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सगळं अडलं ते कॉन्फोकलच्या, म्हणजे लेझरने पेशीचे पातळ थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, बुकिंगच्या फॉर्मवर.

माझं काम पेशीच्या आकारावर आहे. ३टी३ फायब्रोब्लास्टना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशी) वाय-२७६३२ हे औषध दिलं की रो-कायनेज हे एन्झाइम बंद पडतं, अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या जाड दोऱ्या विरघळतात आणि पसरलेली पेशी लांबुडकी, फांद्या फुटल्यासारखी दिसायला लागते. हे नीट मोजायला कॉन्फोकल लागतो, तो आमच्याकडे नाही, म्हणून दुसऱ्या संस्थेत बुकिंग.

पहिल्यांदा फॉर्म परत आला कारण फॉरमॅट जुना होता, वेबसाइटवर मात्र तोच होता. दुसऱ्यांदा नमुना जिवंत की फिक्स केलेला हा रकाना रिकामा राहिला म्हणून, ती चूक माझीच. तिसऱ्यांदा गाइडची सही होती पण एचओडींचा (विभागप्रमुखांचा) शिक्का नव्हता आणि सर आठवडाभर बाहेरगावी. प्रत्येक वेळी नंबर परत रांगेच्या शेवटी! याचा मला अजूनही राग येतो, अहो एक शिक्का राहिला तर जागा तरी धरून ठेवा ना.

एकोणीस दिवसांनी तासाभराचा स्लॉट मिळाला. स्लाइड लावली तर डॅपी या रंगाने केंद्रकं निळी झगझगीत, आणि हिरवं, म्हणजे फॅलॉइडिन या रंगाने दिसणाऱ्या दोऱ्या, जवळजवळ काहीच नाही. पहिल्या दिवशी आमच्या साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर याच पेशींत केसांसारख्या दोऱ्या दिसल्या होत्या. लेझर वाढवला, गेन (डिटेक्टरची संवेदनशीलता) वाढवला, नुसते ठिपके. ऑपरेटर मॅडम म्हणाल्या, अगं फॅलॉइडिन अ‍ॅक्टिनला घट्ट बसतं पण कायमचं चिकटत नाही, आठवड्याच्या आत बघायचं असतं. एवढं महागडं फॅलॉइडिन वाया गेलं, मी जिन्यात बसून रडले.

म्हणून सांगते, कव्हरस्लिप (पेशी ज्यावर वाढतात ती पातळ काच) फिक्स करून न रंगवता पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर द्रावण) ४ अंशावर ठेवा आणि स्लॉट पक्का झाला की आदल्या दिवशी रंगवा. मी दुसऱ्यांदा असंच केलं आणि ६३एक्स लेन्सखाली पहिल्याच पेशीत दोऱ्या टोकापासून टोकापर्यंत दिसल्या, औषध दिलेल्या पेशीत त्या गायब आणि लांब शेपटी, इतका आनंद झाला की मॅडमचा हातच धरला.

कव्हरस्लिप नंबर १.५ च घ्या, म्हणजे ०.१७ मिमी, लेन्स तेवढ्याच जाडीसाठी बनवलेली असते. कव्हरस्लिपच्या कडा बंद करायला लावलेलं नेलपॉलिश पूर्ण वाळू द्या, ओलं लेन्सला लागलं तर फार बोलणी बसतात. कंट्रोल आणि औषधाची स्लाइड एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आणि हो, फॉर्म द्यायच्या आधी ऑफिसला फोन करून चालू फॉरमॅट कोणता ते विचारा, शिक्का आधी घ्या, सही नंतर मिळते. फाइल मूळ फॉरमॅटमध्येच घरी न्या, फिजी या इमेज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, जेपेगवर मोजमाप करू नका.