तुम्ही विचारलंत म्हणून: गोर्चाकोव्हच का?

रशियन शिकलेल्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही: "तुमचा आवडता रशियन कोण?" विचारणाऱ्याला टॉलस्टॉय किंवा चेखव ऐकायचा असतो. मी "गोर्चाकोव्ह" म्हणते. मग दुसरा प्रश्न ठरलेला, "हा कोण आता?" परवा भाचीनेही तेच विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

प्रिन्स अलेक्सांद्र मिखाइलोविच गोर्चाकोव्ह. जन्म 1798, घराणं जुनं सरदारांचं. 1856 ते 1882 रशियाचे परराष्ट्रमंत्री, पुढे साम्राज्याचे चॅन्सेलर, म्हणजे सर्वोच्च मुलकी पदावरही. त्याआधीची पस्तीसेक वर्षं लंडन, इटली, श्टुटगार्ट, व्हिएन्ना अशा वकिलातींत गेली. ती मी भरभर उलटते, कारण माझं या माणसाशी जमलं ते एका वाक्यावरून.

इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कांविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात रशिया हरला होता. 1856 च्या पॅरिस तहाने त्याला काळ्या समुद्रात आरमार ठेवायला बंदी केली. स्वतःच्याच किनाऱ्यावर! युरोपात कुजबुज सुरू झाली की रशिया आता कुणाशी बोलत नाही, रागावलाय. नव्या मंत्र्याने आपल्या वकिलातींना फ्रेंचमध्ये परिपत्रक धाडलं. त्याचा आशय असा: लोक म्हणतात रशिया रुसलाय. रशिया रुसलेला नाही. रशिया... आणि इथे माझी गाडी अडते. फ्रेंच क्रियापद आहे 'स रकइयिर'. पूजेला बसल्यावर आपण क्षणभर डोळे मिटतो आणि इकडेतिकडे पांगलेलं मन गोळा करतो, तसं काहीसं. रशियन भाषांतरात 'एकाग्र होतो आहे' झालं, आणि 2012 मध्ये पुतिन यांनी तेच शब्द आपल्या लेखाला मथळा म्हणून वापरले. मला मराठीत 'सावरतो आहे' बरं वाटतं, पण त्यात पडल्याची कबुली येते, आणि गोर्चाकोव्ह ती द्यायचे नाहीत. 'रुसणं' मात्र आपल्याकडे अगदी नेमकं आहे, गाल फुगवून कोपऱ्यात बसण्यासकट.

मग त्यांनी वाट पाहिली. चौदा वर्षं. 1870 च्या शरदात प्रशियाने फ्रान्सला लोळवलं, पॅरिसला वेढा पडला, म्हणजे तहाचा एक मोठा राखणदार आडवा झाला. तेव्हा गोर्चाकोव्ह यांनी दुसरं परिपत्रक काढलं: काळ्या समुद्राची ती कलमं रशिया यापुढे पाळणार नाही. लंडनमध्ये आरडाओरडा झाला, परिषद भरली आणि मार्च 1871 मध्ये सगळ्यांनी सह्या केल्या. एक गोळी झाडावी लागली नाही.

त्या परिपत्रकाची जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे तारीख 19 ऑक्टोबर. ही तारीख ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू. 1863 च्या पोलंडच्या रशियाविरुद्धच्या उठावात युरोपने निषेधाचे खलिते पाठवले, ते यांनी अशा तोऱ्यात परतवले की रशियात यांचा जयजयकार झाला. पोलंड चिरडलं जात होतं, त्यामुळे मला काही टाळ्या वाजवता येत नाहीत. 1864 मध्ये मध्य आशियातल्या स्वाऱ्यांचं समर्थन करताना त्यांनी लिहिलं की सुसंस्कृत राज्याच्या सीमेला भटक्या टोळ्या भिडल्या की त्याला पुढे सरकणं भागच पडतं, आणि दाखले दिले ते अमेरिकेचे, आफ्रिकेतल्या फ्रान्सचे, हिंदुस्थानातल्या इंग्लंडचे. म्हणजे आपल्या पारतंत्र्याचा वापर त्यांनी पुरावा म्हणून केला. पुढच्याच वर्षी रशियाने ताश्कंद घेतलं.

आणि मिरवण्याची हौस तर विचारू नका. 1875 मध्ये जर्मनी फ्रान्सवर पुन्हा चालून जाणार अशी हूल उठली, ती निवळल्यावर यांनी बर्लिनहून कळवलं, "आता शांतता निश्चित झाली." जणू यांनीच ती खिशातून काढून दिली! जर्मनीचा सरकारप्रमुख बिस्मार्क हे कधी विसरला नाही.

1878 मध्ये त्याच बर्लिनमध्ये काँग्रेस, म्हणजे युरोपातल्या मोठ्या सत्तांची परिषद, भरली. तुर्कांशी युद्ध जिंकून मिळवलेलं बरंच काही तिथे सोडावं लागलं. काँग्रेस सुरू झाली आणि दोनच दिवसांनी गोर्चाकोव्ह ऐंशीचे झाले. पायांनी दगा दिलेला, कामाचा भार रशियाचाच दुसरा प्रतिनिधी शुवालोव्ह याच्यावर. आन्तोन फॉन वेर्नरने या काँग्रेसचं भव्य चित्र काढलंय. मधोमध बिस्मार्क शुवालोव्हशी हस्तांदोलन करतोय. गोर्चाकोव्ह शोधायचे तर डावीकडे बघावं लागतं. ते खुर्चीत बसलेत आणि शेजारी उभ्या इंग्लंडच्या पंतप्रधान डिझरायलीच्या दंडावर त्यांनी हात ठेवलाय. मी ते चित्र पाहते तेव्हा माझी नजर त्या हातावरच जाते.

आता ती तारीख. 1811 च्या 19 ऑक्टोबरला पीटर्सबर्गजवळच्या त्सार्स्कोये सेलोची शाळा, लिसेयम, उघडली. पहिल्या तुकडीत गोर्चाकोव्ह होते आणि कवी पुश्किनही. दरवर्षी त्या दिवशी ही मुलं जमायची. 1825 मध्ये पुश्किन गावी नजरकैदेत असताना दोघांची भेट झाली. पुश्किनने दुसऱ्या एका मित्राला पत्रात लिहिलं की भेट थंडच झाली, हा भलताच सुकलाय. आणि थोड्याच दिवसांत '19 ऑक्टोबर' या कवितेत लिहिलं की आपण भावांसारखे गळ्यात पडलो. दोन्ही खरं असणार. वर्गमित्र असेच भेटतात.

त्याच कवितेत पुश्किन विचारतो, म्हातारपणी हा दिवस एकट्याने साजरा करायची पाळी कुणावर येईल? नव्या पिढ्यांत नकोसा झालेला तो पाहुणा थरथरत्या हाताने डोळे झाकून आम्हाला आठवेल. स्वतः पुश्किन 1837 मध्येच गेला. 1880 च्या उन्हाळ्यात वर्गमित्र कोमोव्स्की गेला आणि तुकडीत एकटे गोर्चाकोव्ह उरले. मार्च 1883 मध्ये बाडेन-बाडेनला ते वारले. त्याआधी तीन 19 ऑक्टोबर त्यांच्या वाट्याला आले.